रंगाखालची मुक्ता

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर झुंबरबाई एस्टीनं पाथर्डीहून नगरला आली ती मेलेल्या लेकीचं तोंड बघायला.

त्याच उन्हाळ्यात ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एका दुपारच्या सुट्टीत दोन वर्षांची मुक्ता तापानं फणफणून तिच्या मांडीवर पडलेली असताना नगरचे ड्रॉइंग मास्तर कानिफनाथ तिथं आले आणि त्यांनी दोघींना पेन्सिलीनं वहीत उतरवलं. आठवड्याभरात पोर गेली. तिचा फोटो कुणी काढलेलाच नव्हता. म्हणून 'तुमचं तैलचित्र प्रदर्शनात लावलंय, बघायला या,' असं मास्तरांचं पत्र आल्यावर नवरा आसाराम म्हणाला, "जाऊन ये. पोरगी तरी दिसंल."

शाळेच्या हॉलात ते चित्र भिंतभर होतं. काळीनिळी बाई, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा, हात फावड्याएवढे. मांडीवर एक करडा गोळा. एक प्राध्यापक चारचौघांना समजावून देत होते, "हा दगड म्हणजे दुष्काळ. बाईनं तो लेकरासारखा धरलाय, बघा."

झुंबरबाई पुढं सरली. "दगुड न्हाई त्यो. माझी मुक्ती हाय."

मास्तरांनी तिला घाईनं बाजूला नेलं. मुक्ता गेल्याचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "बाई, आधी मूलच रंगवलं होतं. मग वाटलं, दगड केला तर चित्र जास्त बोलेल."

"मग तिचं तोंड कुठंय?"

"रंगाखाली."

"आन् वहीतलं?"

ते पान मास्तरांनी कधीच फाडून टाकलं होतं. त्यांनी कोरा कागद ओढला. "तुम्ही सांगा, मी काढतो."

ती सांगू लागली. कपाळ रुंद. जावळ दाट, कानावर आलेलं. नाकापाशी मात्र अडली. डोळे मिटले, तर जावेच्या पोराचंच नाक पुढं येई. मुक्ताला जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

"ऱ्हाऊ द्या," म्हणून ती उठली. मास्तर चहा घ्या म्हणत राहिले.

घरी आसारामनं दारातच विचारलं, "दिसली का गं?"

"व्हय. दिसली."

"हसत हुती?"

झुंबरबाईनं आत जाऊन चुलीत काटकी सारली.

"न्हाई. निजली हुती."