मेणाचे पोट

अहवालाचे पाकीट हातात पडले की काका आधी ते अंगठ्याने दाबून पाहत. मधोमध एकदा, कडेला एकदा. मग न उघडताच पाकीट माझ्याकडे परत सरकवून विचारत, "पिकलं का कच्चं, बाय?"

वसईजवळच्या सांडोरला त्यांची केळीची वाडी होती. जन्मभर राजेळीचे घड दाबून पाहण्यात गेलेल्या अंगठ्याला कागदही तसाच दाबावासा वाटे. आमची प्रयोगशाळा एव्हरशाईन सिटीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथे लागले होते. पीएचडीला प्रवेश मिळेपर्यंतचा थांबा म्हणूनच मी त्या नोकरीकडे पाहत असे आणि ही गोष्ट कोणापासून लपवीत नसे. रुग्णांशी फार बोलू नये, असे माझे मत होते. ते मत मोडून काढण्याचे काम या गृहस्थांनी पहिल्याच भेटीत, पानात बांधलेली, घरी उन्हात वाळवलेली सुकेळी काउंटरवर ठेवून केले.

त्यांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढला होता. त्यानंतर दर तीन महिन्यांनी रक्तातील सीईए नावाचे एक प्रथिन मोजावे लागे. रोग परतत असेल तर ते वाढते. पण रोग नसतानाही, इतर फुटकळ कारणांनी, ते थोडेसे वाढू शकते. उपयुक्त परंतु अर्धवट बोलणारी चाचणी, असे तिचे वर्णन मी करीन. तुमच्याही ओळखीत कोणी या वाटेने गेले असेल, तर अर्धवट बोलणे म्हणजे काय हे मी समजावून सांगायला नको.

काकू नेहमी सोबत असत. ठेंगण्या, ताठ, लाल काठाच्या लुगड्यातल्या. शस्त्रक्रियेनंतर या ख्रिस्ती नवराबायकोने गावातल्या चर्चमध्ये माउलीच्या सणाला नवस फेडला होता. त्याची हकिगत काका हसत हसत सांगत. सणाच्या दिवशी चर्चबाहेर मेणाचे अवयव विकायला बसतात. हात दुखला तर मेणाचा हात, दृष्टी गेली तर मेणाचे डोळे, मूल हवे असेल तर पाळण्यातले बाळ. काकूंनी आतडे मागितले.

"विकनारा म्हनाला, आतडं कोन मागत नाय, पोट न्या. पोटात आतडं आलंच ना? मग घेतलं पोट," काका सांगत. "पोटाशेजारी मी विडीचं बंडल ठेवलं. म्हटलं माउली, ही तुझी, आयुष्य माझं."

दोन वर्षे अहवाल कच्चे निघाले. कच्चे म्हणजे चांगले, हा आमचा संकेत. नंतर एकदा आकडा मर्यादेला टेकला. पुढच्या खेपेस किंचित वर गेला. त्यापुढच्या खेपेस आणखी किंचित.

मी नियमाप्रमाणे सांगितले, "काका, यावरून निश्चित काही म्हणता येत नाही. डॉक्टरांना दाखवा. बहुधा ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतील."

"म्हंजे अधलंमधलं."

"हो."

"अधलंमधलं फार दिस ठेवलं तर सडतं, बाय."

काकूंनी मात्र निष्कर्ष काढला होता. प्रतीक्षेच्या खुर्चीवर बसून, काकांची बाही मुठीत धरून त्या मला म्हणाल्या, "चूक माझी हाय. पोट दिलं, तर पोट राखलं तिनं. आतडं मी दिलंच नाय, मग आतडं ती कशाला राखील?"

गृहीतक एकदा मान्य केले तर या तर्कात खोट काढणे कठीण होते. मी गृहीतकावरच हल्ला केला. मेणाचा आणि रक्तातील प्रथिनाचा संबंध नसतो, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावे तसे पाहिले. पुढच्या सणाला वसईपासून विरारपर्यंतच्या मेणवाल्यांना त्या विचारत फिरल्या. आतडे कोणाकडेच नव्हते.

त्यांचे जेवण सुटले. चोळीच्या बाह्या दंडावर लोंबू लागल्या. एका सकाळी काकांचे रक्त घेत असताना त्या खुर्चीवरून खाली घसरल्या. मी त्यांचीच साखर तपासली. ती इतकी खाली गेली होती की मी आधी त्यांच्या तोंडात ग्लुकोज कोंबले आणि मग रागावले. काका बाजूला उभे होते, कोपराच्या खळीत कापूस धरून. जाताना ते मागे वळले.

"इतर कारनांनी वाढतो म्हनतेस. विडीनं वाढतो का गं हा आकडा?"

"ओढणाऱ्यांत थोडा वाढलेला असतो. पण तुम्ही तर सोडलीत."

"हं," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी डॉक्टरांपुढे, काकू शेजारी असताना, आपण दिवाळीपासून चोरून विडी ओढतो असे सांगितले. डॉक्टरांनी दटावले, विडी बंद करायला सांगितली आणि वाढत्या आकड्यामुळे ठरवलेला स्कॅन तीन महिने पुढे ढकलला. कारण सापडले होते. काकूंचा देव आणि माझे रसायनशास्त्र, दोघांचे एकाच आरोपीवर एकमत झाले.

त्यानंतर त्या माणसाचे जे हाल झाले ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकले, आणि काही आमच्या प्रतीक्षालयात प्रत्यक्ष पाहिले.

"ह्याला विचार," काकू सगळ्या रुग्णांदेखत मला म्हणाल्या, "माउलीपुढं ठेवलेली विडी परत कोनी उचलली. मी उपाशी मरते, गुडघे झिजवते, आनि हा वाडीत बसून धूर काढतो. लाज नाय, शरम नाय. कापलं तवाच सगळं कापायचं होतं डॉक्टरनं."

एक बाई पदराआड हसली. काका खाली पाहत राहिले.

त्यांची खाट पडवीत गेली. गावातल्या माणसांनी चर्चमधल्या मिस्सेनंतर त्यांना गाठून विचारले, "काय रे, माउलीला टोपी घातलीस ना?" ज्या दोन मित्रांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त दिले होते त्यांनी बोलणे टाकले. फुकट गेलं आमचं रक्त, असे त्यातला एक चारचौघांत म्हणाला. आणि शेवटी काकूंनी त्यांचा सुकेळीला लागणारा हात थांबवला. पिकलेली राजेळी सोलून उन्हात मांडायची, रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची, हे काम त्या घरात त्यांचे होते. "विडीचा हात लागला तर माल नासंल," असे सांगून काकूंनी शेजारच्या बाईला बोलावले. ती केळी सोलायची आणि हे पडवीतून बघायचे.

पुढच्या चाचणीला ते आले तेव्हा काकू एक खुर्ची सोडून बसल्या. बाही धरणे संपले होते. साखरेच्या चाचणीसाठी काका उपाशी होते. काकूंनी पिशवीतून डबा काढला, त्यांच्यासमोरच उघडला आणि तांदळाची भाकरी आणि सुका जवळा सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. खाताना एकदा त्यांच्याकडे पाहिले, ते द्वेषानेच.

काकांनी मला कोपराने खुणावले. "बघ," ते पुटपुटले. "अख्खी भाकर."

माझे निरीक्षण बरे आहे, असे माझे शिक्षक म्हणत. विडी ओढणाऱ्यांचे रक्त मी रोज घेत असे. त्यांची नखे, त्यांचा श्वास, कपड्यांत मुरलेला तो जळका वास मला ठाऊक होता. काकांच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, दुसरे काही नव्हते. खिशातून बंडल मात्र डोकावत होते, सगळ्यांना दिसावे असे. त्याचा दोरा सुटलेला नव्हता आणि एक कोपरा चेपलेला होता. मागच्या खेपेलाही हाच कोपरा चेपलेला होता.

काकू हात धुवायला गेल्या तेव्हा मी विचारले, "काका, तुम्ही ओढत नाही ना?"

त्यांनी दंडाचा पट्टा स्वतःच सोडवला. "रागावलेलं मानूस जेवतं, बाय. घाबरलेलं जेवत नाय."

"पण डॉक्टर चुकीच्या माहितीवर थांबलेत. हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. मी त्यांना सांगणार."

"सांग. तिला नको सांगू. तिला मेनाचं पोट परत देऊ नको."

मी त्याच दुपारी डॉक्टरांना फोन केला. स्कॅन ताबडतोब ठरला. काकूंना काकांनी सांगितले की विडीने फुप्फुस किती जळले ते बघायचे आहे. काकू म्हणाल्या, "जळू दे."

स्कॅनचा अहवाल घेऊन काका एकटेच माझ्याकडे आले. मोठे पाकीट त्यांनी काउंटरवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबले. मी वाचले. यकृतावर एक बारीक ठिपका, इतका बारीक की त्याचे स्वरूप ठरवता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा.

मी ते वाक्य दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा त्यांना खरे वाटले नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा मला.

"खरं बोलून पन तीन महिनेच?" ते म्हणाले आणि हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले. "खोटं बोलून तीन महिने, खरं बोलून तीन महिने. मग खोट्यात निदान बायको जेवते गं."

मी अहवालाची घडी घालून तो पाकिटात परत सरकवला.

ते तीन महिने त्यांनी पडवीत काढले. काकूंना ठिपक्याचे सांगितले ते फुप्फुसावरचा म्हणून. काकूंनी घरादाराला सांगितले की बघा, विडीचा डाग. मग ठिपका वाढला, त्याला सोबती मिळाले आणि पाकिटातला कागद एकदाचा पूर्ण बोलू लागला. त्यांना कर्करोगाची औषधे सुरू झाली. ती सोसली नाहीत. त्यांच्या मुलाने त्यांना रिक्षातून उचलून आणले त्या शेवटच्या खेपेस काकू मागून चालत होत्या आणि बोलत होत्या, "ओढ अजून. उठून ओढ. मी काडी लावून देते."

काकांच्या पायांवर सूज होती. मी शीर शोधत असताना त्यांनी स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"पिकलं," ते म्हणाले.

ते वारले तेव्हा मी प्रवेशाच्या मुलाखतीसाठी दुसऱ्या गावी होते. प्रवेश मिळाला. निघण्यापूर्वी मृतांचा दिवस आला, तेव्हा मी सांडोरला गेले. गावातली सगळी माणसे त्या संध्याकाळी कबरींवरचे गवत काढून, झेंडू वाहून, मेणबत्त्या लावून बसतात. काकू एका नव्या कबरीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. अंगाने भरल्या होत्या. मी शेजारी बसले.

त्यांनी कनवटीचा रुमाल सोडून विडीचे बंडल काढले. दोरा बांधलेला होता. कोपरा चेपलेला.

"त्याच्या सदऱ्यात होतं," त्या म्हणाल्या. "एकच. सगळं घर धुंडाळलं, दुसरं नाय. थोटूक नाय, काडेपेटी नाय. पडवीत कुटं राख नाय." थोडा वेळ त्यांनी बंडल तळव्यावर तोलले. "तू त्याचं रगत बघायचीस. विडी ओढली तर रगतात कळतं ना?"

"कळतं, काकू."

"मग खरं सांग. ओढायचा ना तो?"

त्यांचा आवाज खाली आला होता. समोरच्या मेणबत्तीचे मेण कबरीच्या मातीवर ओघळून पांढरे, गोल थिजत होते, आणि त्या त्याकडे बघत होत्या.

"ओढायचे," मी म्हणाले. "प्रत्येक अहवालात दिसायचं."

त्यांनी श्वास सोडला. पाठ पुन्हा ताठ झाली. "वाटलंच मला. मेला शेवटपर्यंत सुधारला नाय."

मग त्यांनी दाताने दोरा तोडला, एक विडी काढली आणि मेणबत्तीवर धरून तोंडात न घेता, फुंकून फुंकून पेटवली. ती मातीत उभी खोवली.

"घे," त्या म्हणाल्या, "ओढ आता."

विडी कोणी न ओढता जळत राहिली. आम्ही दोघी ती संपेपर्यंत तिथे बसलो.