गयाआत्या आणि चौथं घमेलं

माझ्या तळ्यातला एकही मासा गयाआत्यानं कधी विकला नाही. खाल्लाही नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितोय. नाहीतर ही पोस्ट मी टाकली नसती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जन्म गेला जायकवाडी धरणाच्या पाण्यावर. पाचोडच्या आठवडी बाजारात ती मासे घेऊन बसायची.

तिच्यासमोर तीन घमेली असत. गिऱ्हाईक वाकलं की भाव सांगायच्या आधी ती बोट दाखवायची.
"ही डॅमची. ही तळ्याची. ही बरफाची."

मी म्हणायचो, "आत्या, कुणी विचारलंय का?"
"इचारल्यावर सांगितलं तर काय सांगितलं?"

इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून मी घरी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. धरणाच्या कडेला आमची तुकडाभर जमीन आहे. तिथं शेततळं खोदलं आणि मांगूर माशाचं बीज सोडलं. बीज देणारा म्हणाला, देशी आहे. मी फुल कॉन्फिडन्समध्ये.

मासा भराभर वाढला. कोंबडीच्या दुकानातलं वेस्ट टाकलं की पाणी नुसतं उकळायचं. पहिला मोठा मांगूर बादलीत घालून मी आत्याकडे गेलो. वाटलं, शाबासकी मिळेल.

तिनं तो उचलला. डोक्याच्या मागच्या हाडावरून अंगठा फिरवला. देशी मांगुराचं ते हाड गोल असतं. याचं टोकदार होतं.

"हा आपला नाय. परदेशी हाय. ह्याला बंदी हाय."
"देशी आहे आत्या. बीजवाल्यानं सांगितलंय."
"सांगंलच की. त्याला इकायचं व्हतं."

मग म्हणाली, "पाऊस लागायच्या आत तळं रिकामं कर. समदे खड्ड्यात पूर. हा चालतो रं बाबा. धरणात गेला तर काय ठिवायचा नाय."

मी मान डोलावली. आणि काहीच केलं नाही.
एवढा वाढलेला मासा पुरायचा? मला पटेना. तळ्याला चांगला बांध होता. इंजिनिअर मी होतो, ती नव्हती.

त्या वर्षी पाऊस सलग पडला. एके दिवशी सकाळी उठून पाहतो तर बांधावरून पाणी चाललेलं आणि तुरीत मांगूर. पोटावर सरकत, वळवळत, सगळे एकाच दिशेला. धरणाकडे.

आत्या गल्लीतल्या बायका घेऊन आली. पाट्या, पोती, हाताला लागेल ते. दुपारपर्यंत आम्ही चिखलात मासे वेचत होतो. मग खड्डा, चुना, माती.

ती चिखलानं भरलेल्या पाट्या धुवायला लागली.

मीच विचारलं, "किती गेले असतील पाण्यात?"
"ते आता पाणीच सांगंल."

पाण्यानं सांगितलं. वर्ष-दोन वर्षांत जाळ्यात मांगूर यायला लागले.

आणि पाचोडच्या बाजारात आत्यासमोर चौथं घमेलं आलं. विकायला नव्हे, दाखवायला. त्यात एक मेलेला मांगूर.
"ह्यो बघून ठिवा. जाळ्यात आला तर परत सोडू नका. पुरून टाका."
"कुठला गं हा, गयाबाई?"
"आमच्या भाच्याचा."

भर बाजारात. दर आठवड्याला.

मी लई चिडलो. "माझं नाव कशाला घेतेस?"
"मंग कुनाचा सांगू? गोदामाईचा? तिचा नाय त्यो."

मी पाचोडला जाणं सोडलं. पुढे वाळूजला नोकरी लागली, शहरात राहायला आलो. बाकी आमचं येणंजाणं नीट होतं. लग्नकार्यं झाली. पण मांगुराचा विषय मी काढला नाही. चूक झाली, एवढे दोन शब्द मला कधी जमले नाहीत.

गेल्या वर्षी ती शहरातल्या एका दवाखान्यात होती. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगून टाकलं होतं.

एकदा मला म्हणाली, "यंदा मरळ येती का रं जाळ्यात?"

मरळ हा तिचा जीव की प्राण. डॅममध्ये ती आता क्वचितच मिळते. लोक बरीच कारणं सांगतात. त्यातलं एक माझं आहे.

मी म्हणालो, "येते की. लई येते."
"मंग आन एक."

शहरात औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत नजीरभाईंचं मासळीचं दुकान आहे. आत्याची मासळी ते वर्षानुवर्षं घ्यायचे. त्यांच्याकडे आंध्रातून आलेली मरळ होती. बायकोनं रस्सा केला. डबा घेऊन मी वॉर्डात गेलो आणि म्हणालो, "आत्या, डॅमची आहे."

तिनं दोन घास खाल्ले. बोटांनी काटा काढला, बाजूला ठेवला. माझ्याकडे पाहिलं.

"नजीरला सांग, बरफ लई टाकू नको म्हनावं."

मी खाली बघत डबा बंद केला. खरं तेव्हाही सांगितलं नाही.
चार दिवसांनी ती गेली.

आज वर्षश्राद्धाला परत नजीरभाईंकडे गेलो. त्यांनी मरळ काढली आणि मी न विचारताच म्हणाले, "आंध्रा का माल है भाई, बरफ का. फुफी के वास्ते है, झूट नै बोलता." फुफी म्हणजे आत्या.

नैवेद्याचं पान वाढलं. भावकीतल्या एकानं विचारलं, "डॅमची का रे मरळ?"

"नाही," मी म्हणालो. "डॅममधल्या मरळीचा घास माझ्या मांगुरांनी घेतला. आत्या सांगायची तो भाचा मी."

जेवणं झाली.

आत्या, मला लई उशीर झाला. चूक माझी होती.

आजची मरळ बरफाची आहे.
आधीच सांगतो.