मांडव उतरेपर्यंत

आमच्या घरात आईचा एकच फोटो आहे आणि तो आईचा वाटत नाही. ताईच्या लग्नात कर्जतहून आलेल्या फोटोवाल्याने तो काढला. हिरवं लुगडं, नाकात नथ, ठसठशीत कुंकू आणि चेहरा अगदी नितळ. येणारेजाणारे म्हणतात, तुमची आई देखणी होती हो. होतीच. पण माझ्या डोळ्यांसमोर आई येते ती या चेहऱ्याने येत नाही. कपाळभर, गालभर काळी लव असलेली, भुवया एकमेकींना भिडलेली, अशी येते. भिंतीवरच्या बाईला मी हार घालते, उदबत्ती ओवाळते, पण परवापरवापर्यंत घरात एकटी असले की तिच्याकडे पाठ करून बसायची. मला तिची भीती वाटायची, हे सांगायला लाज कसली?

आमचं गाव कर्जत आणि खोपोलीच्या मधलं, भातशेतीचं. बाबा खोपोलीला कागदाच्या कारखान्यात पाळीला जायचे आणि शेत आई बघायची. ऐंशी साल उलटून गेलं त्या सुमारास तिचं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. ती म्हणायची, "डोस्क्यात भाताची गिरनी चालू हाय गं. बंदच व्हत नाय." पाय सुजायचे, लावणी करताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. खोपोलीच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलं, गोळ्या दिल्या, बदलून दिल्या, पण प्रेशर कशालाच दाद देईना. शेवटी बाबा तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मूत्रपिंडं खराब व्हायला लागली आहेत असं तिथे कळलं आणि तिथल्या डॉक्टरांनी एक नवीन गोळी सुरू केली. मिनॉक्सिडिल. बाहेरच्या देशातून यायची. दुकानदाराला आधी सांगून ठेवावं लागे आणि बाबा सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाऊन बाटली घेऊन येत. नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही. आमच्याकडे ती मुंबईची गोळीच राहिली.

त्या गोळीने गिरणी बंद झाली. एका सकाळी आई ओटीवर नुसतीच बसून होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काय नाय. आयकते. किती शांत हाय बग." त्या वर्षी तिने पुन्हा लावणी केली.

आणि मग केस आले. आधी कपाळावर, केसांच्या आणि भुवयांच्या मधे, मग गालांवर, मग हातांवर. डॉक्टरांनी बाबांना आधीच बजावलं होतं, केस येतील, घाबरायचं नाही आणि गोळी बंद करायची नाही. आईने सुरुवातीला थट्टेवारी नेलं. म्हशीच्या पारडासारखी झाले म्हणायची आणि मला गालाला हात लावून बघायला सांगायची. लव मऊ होती. झोपताना मी तिच्या दंडावरून बोटं फिरवत पडायची, ते मला अजून बोटांना आठवतं. गावाला मात्र थट्टा पुरली नाही. कुणी म्हणालं करणी केली, कुणी म्हणालं देवीचं येणं आहे, अंगारा लावा. बाया पाणवठ्यावर तिच्याशी बोलायच्या तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघायच्याच नाहीत, कपाळाकडे बघायच्या. आईने चुलीतली राख बोटांना लावून केस उपटायला सुरुवात केली. राखेने बोट घसरत नाही. उपटलेली जागा लाल व्हायची आणि थोड्याच दिवसांत पुन्हा काळी.

अशात ताईचं लग्न ठरलं. मुलगा नेरळचा, मुंबईला हापिसात जाणारा, स्वभावाने गरीब. स्थळ आमच्यापेक्षा वरचढ होतं, सगळे म्हणत होते पोरीने नशीब काढलं.

साखरपुड्याला विहीणबाईंनी आईला हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं आणि ते कपाळापाशी थांबलं. आई कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू बसवायची, पण लव वाढल्यापासून मेण धरत नसे. विहीणबाईंनी अंगठ्याने लव बाजूला सारली, गवत सारून पायवाट शोधावी तशी, आणि कुंकू टेकवलं. मग सगळ्या बायांना ऐकू जाईल असं विचारलं, "घरान्यात हाय काय गं हे? पोरीला पन येतील काय असे केस?"

आई म्हणाली, "गोळीनं आलेत, विहीनबाय. घरान्यात नाय."

"गोळीनं केस येतात? मंग आमच्या ह्यांना पन दे की दोन, टक्कल पडलाय," विहीणबाई म्हणाल्या आणि अंगणभर हसू पसरलं. आईही हसली. ते हसू आठवलं की माझं आजही डोकं फिरतं.

हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. पण पंधरवड्याने मध्यस्थ आला आणि म्हणाला, त्यांना मुलगी एकदा उजेडात बघायची आहे. आल्या त्या बाया. ताईला ओटीच्या कडेला उन्हात बसवली, बांगड्या वर सारून तिचे हात बघितले, पदर सारून मान बघितली. बाजारात बैल घेतानाही माणूस जरा लाजतो. ताईने मान खाली घातली ती त्या गेल्यावरही वर केली नाही. हात नितळ निघाले म्हणून लग्न टिकलं. जाताना एकीने उंबऱ्यात म्हणून ठेवलं, "हळदीला व्हरमाय बरी दिसूं दे म्हंजे झालं. हळद केसांत अडकली की लोकं बोलतात."

आमच्याकडे लग्नाची हळद ही नुसती नवरीची नसते. नवरीला लावून उरलेली हळद आयाबाया वरमाईच्या, म्हणजे नवरीच्या आईच्याही, तोंडाला फासतात, अगदी चेहरा बुडेपर्यंत. केस असलेल्या तोंडावर ती कशी दिसेल, हे आईने त्या दिवशी उंबऱ्यातच बघून घेतलं असणार.

त्याच आठवड्यात तिने बाबांना सांगितलं, मुंबईची गोळी मी आता घेणार नाही. हे मी आता क्रमाने सांगते आहे, पण तेव्हा आम्हा बहिणींना यातलं काही माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, डॉक्टर रागवतील. ती म्हणाली, "डॉक्टरला कशाला सांगायचं? मांडव उतरला की परत घेईन. तवर डोस्कं काय पळून जात नाय." तिला ते एखाद्या व्रतासारखं वाटलं असावं. नवस बोललं की गोड सोडतात, काम झालं की पुन्हा खातात. औषधालाही तसं थांबवून ठेवता येतं अशी तिची समजूत, आणि बाबांना ती पटली, कारण ती तेव्हा बरी दिसत होती. बाबा बाटल्या मात्र आणत राहिले. मांडव उतरला की लागणारच होत्या.

हिवाळ्यात केस गळायला लागले. आम्हाला वाटलं, आई डाळीच्या पिठाने तोंड चोळते त्याचा गुण. फाल्गुनापर्यंत हात मोकळे झाले, गाल मोकळे झाले. मेण बसायला लागलं, कुंकू गोल दिसायला लागलं. आई खूश होती. खोटं कशाला सांगू, आम्हीही खूश होतो. फक्त दुपारी ती भिंतीला कपाळ टेकवून उभी राहायची. मातीची भिंत, गार असते. मी विचारलं की म्हणायची, ऊन बाधलंय.

वैशाखात अंगणात मांडव उभा राहिला, आंब्याचे आणि जांभळीचे डहाळे घातलेला. हळदीला बाया आईवर तुटून पडल्या. ती पिवळीजर्द झाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. पुसल्यावर चेहरा खाली लख्ख. विहीणबाई स्वतः म्हणाल्या, "गोरी हायस की गं!" फोटोवाल्याने फोटो काढला तो दुसऱ्या दिवशी, लग्न लागल्यावर. तोच हा.

मग मांडवपरतणीला ताई आणि भाऊजी घरी आले. जेवणं झाली, ताई निघाली. आईने तिची ओटी भरली आणि कुंकू लावायला करंडा हातात घेतला. बोट ताईच्या कपाळावर टेकलं आणि तिथून खाली घसरलं, भुवयांच्या मधून नाकाच्या शेंड्यापर्यंत. सबंध लाल रेघ. आम्ही सगळे हसलो. ताईसुद्धा हसली, म्हणाली, "आई गं, काय हे!" मग आईच्या हातातून करंडा पडला आणि आम्ही पाहिलं की तिचं तोंड एका बाजूला उतरलं आहे.

भाऊजींनी धावत जाऊन टेंपो आणला. खोपोलीला डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. ताई तिच्या उशाशी बसली होती, नाकावर ती रेघ तशीच. कुणाला पुसून टाक म्हणायचं भान नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

घरी आणली तेव्हा अंगणात मांडव तसाच उभा. डहाळ्यांची पानं वाळून तांबूस झालेली आणि वाऱ्यावर वाजत होती. तिला त्याच्याखालीच ठेवली, दुसरीकडे सावली नव्हती. सवाशीण गेली म्हणून बायांनी तिला हळद लावली, मळवट भरला. एक जण म्हणाली, "काय तेज आलंय बग तोंडावर." बाबा मांडवाच्या मेढीला धरून उभे होते, ते खाली बसले. दिवस झाल्यावर तो मांडव त्यांनी एकट्याने उतरवला. चुलते मदतीला आले तर त्यांना हात लावू दिला नाही. आजही कुणाच्या दारात डहाळ्यांचा मांडव दिसला की मी बाजूने जाते. पानांचा तो आवाज मला ऐकवत नाही.

काही वर्षं गेली. भाऊजी माणूस म्हणून सोन्यासारखे निघाले, पण केसांनी त्यांना दगा दिला. वडिलांवर गेले. एका गणपतीत ताई आणि ते आले होते. जेवण झाल्यावर पान लावता लावता भाऊजी बाबांना म्हणाले, "बाबा, आईंच्या त्या मुंबईच्या गोळ्या उरल्यात का हो? आमच्या हापिसात एक जण सांगत होता, अमेरिकेत त्याच औषधाचं पाणी करून टकलावर लावतात. खोबरेलात कुटून बघतो."

हे ते हसत म्हणाले, आणि त्यात वाईट काही नव्हतं. त्यांना काय माहीत? बाबा उठले. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर हात घालून त्यांनी बाटल्या काढल्या आणि एकेक करून भाऊजींच्या पुढ्यात ठेवल्या. धूळ बसलेली, पण झाकणाची सीलं तशीच.

"ह्या तर उघडलेल्याच नाहीत," भाऊजी म्हणाले.

"नाय," बाबा म्हणाले. "मांडव उतरला की घेनार व्हती."

मग त्यांनी सगळं सांगितलं, साखरपुड्यापासून. खाली मान घालून, बाटल्यांकडे बघत सांगितलं. भाऊजींचं लावलेलं पान तबकातच राहिलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिचा हात नाकाकडे गेला, जणू तिथे अजून काही लागलं आहे.

"मला का नाय सांगितलं?" ती म्हणाली. "मी हे लग्न मोडलं असतं."

"म्हनूनच नाय सांगितलं," बाबा म्हणाले.

ताई रडली नाही. तिने बाटल्या उचलल्या, पुन्हा फळीवर ठेवल्या आणि भांडी घासायला गेली. भाऊजींनी पुन्हा कधी केसांचं नाव काढलं नाही. त्यांचं टक्कल आता आरशासारखं आहे आणि ते टोपीसुद्धा घालत नाहीत. बाबा गेल्यावर त्या बाटल्या मी नदीत सोडल्या. आईचा फोटो ताईने मागितला नाही. तिच्या घरात तो नाही.

ताईच्या मुलीचं लग्न नेरळला झालं. तोपर्यंत ताईचं वय आईच्या वयापेक्षा पुढे गेलं होतं आणि तिच्या हनुवटीवर, गालांच्या कडेला केस आले होते, बायकांना त्या वयात येतात तसे. पार्लरवाली नवरीसाठी घरीच आली होती, ताईला म्हणाली, पाच मिनिटांचं काम आहे. ताई नको म्हणाली. हळदीला बायांनी तिचं तोंड पिवळं केलं आणि ते केस एकूणएक उठून दिसायला लागले.

तिची सासू खुर्चीत बसली होती. खूप म्हातारी झालेली, पण नजर तशीच. "अगं, काढून तरी टाकायचेस," ती म्हणाली. "लोकं बगतात."

ताई तिच्यासमोर गुडघे टेकून बसली, तोंड अगदी जवळ नेलं. "तुमी विचारलं व्हतं ना, पोरीला पन येतील काय?" ती म्हणाली. "आलेत, बगा."

म्हातारी बघत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि ताईच्या हनुवटीवरची हळद बोटाने सारखी केली. मी फोटोवाल्याला हाक मारली. तो फोटो मी आईच्या शेजारी लावला आहे. आता संध्याकाळी त्या भिंतीकडे पाठ करून बसावं लागत नाही.