काकूंच्या हाताला म्हणे ‘लॉस्ट कॉज’!

मित्रहो, डोकं अजून तापलेलंय.

आज सकाळी शेजारच्या सुरेखाकाकू आणि त्यांचा मुलगा नीलेश यांच्यासोबत मुलुंडच्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये गेलो होतो. अर्धांगवायूने काकूंचा उजवा हात लुळा पडलाय. थेरपिस्टने तो उचलून पाहिला, खाली ठेवला आणि नीलेशला म्हणाला, "धिस हँड इज अ लॉस्ट कॉज."

म्हणजे जिच्यासाठी झगडण्यात आता अर्थ नाही अशी गोष्ट. हरलेल्या खटल्याला म्हणा, पडणाऱ्या उमेदवाराला म्हणा. समोर बसलेल्या बाईच्या हाताला?

नीलेशने नुसती मान डोलावली. काकू मात्र भडकल्या. "वाईट काही असलं की तुम्ही इंग्रजीत शिरता! हात माझा ना? मग मला मराठीत सांग."

थेरपिस्ट मराठीच होता. त्याने खुर्ची काकूंकडे वळवली. मग म्हणाला, "काकू, पूर्वीसारखा नाही होणार. पण रोज व्यायाम केलात तर चमचा धरता येईल."

"मग खाली कशाला ठेवलास? धर तो हात!"

हा चमचा इंग्रजीत कुठे गेला होता? तुमच्या घरात कुणाला असं त्याच्यासमोरच, त्याला न कळणाऱ्या भाषेत निकालात काढलंय का? आठवून बघा.