सकाळच्या फोनची साखळी

बोडिल एका जागी स्वस्थ बसलीय असं दृश्य आमच्या बेटावर कुणी पाहिलेलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा ती मागच्या दाराशी उभी राहायची आणि प्रवचन लांबलं की हातमोजे चढवायला लागायची. नवरा गेला तेव्हा अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तिनं पाहुण्यांच्या पुढ्यातल्या बशा ते खात असतानाच उचलल्या. माझ्या बशीत अर्धा केक शिल्लक होता. तो राग मला अजून आहे.

अडतीस वर्षं तिनं इथं टपाल वाटलं. बेट साडेतीन किलोमीटर लांब, घरं एकशे दहा, त्यातली हिवाळ्यात दिवा लागणारी जेमतेम साठ. पत्र हातात द्यायचं, "वारा सुटलाय" म्हणायचं आणि सायकलवर टांग मारायची. कॉफी विचारली तर म्हणायची, "पुढचं दार वाट बघतंय." कुणाच्या दाराची कडी अडते, कुणाचं कुत्रं अंगावर येतं, सगळं तिला पाठ. आतलं स्वयंपाकघर मात्र तिनं फारसं कुणाचं पाहिलं नव्हतं. एकोणऐंशीव्या वर्षी खुब्याचा सांधा बदलला आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. पायाला भिंगरी लागलेल्या बाईला घरात कोंडलं की ती भिंगरी डोक्यात फिरायला लागते. या खिडकीतून त्या खिडकीत, त्या खिडकीतून या खिडकीत. शेजारच्या गल्लीत राहून मला तिची सावली पडद्यावरून फिरताना दिसायची आणि माझंच डोकं गरगरायचं.

त्या हिवाळ्यात म्हातारा थोराल्ड न्हाणीघरात पडला. चार दिवस पडून होता. बोटीवरून त्याची शवपेटी गेली त्या दिवशी बोडिल माझ्या दारात येऊन ओरडली, "चार दिवस, युट्टे! मी टपालात असते तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. दारातली पत्रं उचलली नाहीत म्हणून." मी म्हटलं, आता पत्रं येतात कुठे. ती म्हणाली, "म्हणूनच तर."

अशी आमची साखळी सुरू झाली. अशा साखळ्या मुख्य भूमीवर बऱ्याच गावांत आहेत, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या. सकाळी आठला बोडिल मला फोन करणार. मी आक्सेलला, तो पूर्वी बोटीवर दोर बांधायला होता. आक्सेल उत्तर टोकाच्या विलीला, तो तेव्हा एकटा नव्हता, पण त्याचं घर सगळ्यांत आडबाजूला. आणि विली परत बोडिलला. आठ दहाला वर्तुळ पुरं. मग बोडिल मला एक मिस्ड कॉल देणार, म्हणजे चौघंही जिवंत. नियम तिनंच लिहिले आणि चौघांच्या फ्रिजवर स्वतःच्या हातानं चिकटवले. आठ वीसपर्यंत फोन आला नाही तर दुकानवाल्या कॉनीला कळवायचं, तिच्या गल्ल्यामागे आम्हा चौघांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात. आणि शेवटचा नियम जाड अक्षरांत: स्वतः बघायला जायचं नाही. बर्फावरून एक म्हातारा दुसऱ्याला शोधायला निघाला की दोघांना उचलावं लागतं, हे तिचं म्हणणं.

कुणी आपल्याला न कळता एकटं पडून राहू नये, एवढंच तिला हवं होतं. दुसरा कसला ध्यास तिला नव्हता. पण फोन करायची कसा, तर पत्र टाकल्यासारखा.

"उठलीस?"

"उठले. पण काल ना बोडिल, माझ्या गुडघ्यात—"

"बरं." खट्.

पाच वर्षं माझ्या गुडघ्याचं काय झालं हे तिला कळलेलं नाही. लेकीशीही तेच. सुसान मुख्य भूमीवर ऑर्हुस शहरात असते, दर रविवारी चारला फोन करते. एकदा मी समोर होते. बोडिल फोन कानाला लावून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. "मी ठीक. तू? बरं. जावई? बरं. ठेवते." एक मिनिट चाळीस सेकंद, मी घड्याळ लावलं होतं. म्हटलं, अगं, तिला काही बोलू तरी दे. तर म्हणाली, "ती जिवंत आहे, मी जिवंत आहे. अजून काय बोलायचं?"

गेल्या शरदात विलीची बायको रूट गेली आणि विलीचे फोन लांबायला लागले. आक्सेल माझ्याकडे कुरकुरायचा. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी बोडिलनं मिस्ड कॉलऐवजी खरा फोन केला, तोही मोठ्या खुशीत. "आज विलीला सरळ केला बघ. फ्रीझरचं काहीतरी सुरू केलं होतं. म्हटलं, विली, उठलास की नाही तेवढं सांग, माझे कपडे मशीनमध्ये आहेत. गप्प झाला. मग म्हणाला, उठलो." आणि ती हसली. मीही हसले. लपवून काय करू, हसले.

बुधवारी मिस्ड कॉल आला नाही.

आठ दहा, आठ पंधरा. मी भांडी घासायला घेतली आणि कान फोनकडे. आठ वीसला मी बोडिलला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. आक्सेलला लावला.

"विली उठला होता का रे?"

"उठला होता की. मी स्वतः बोललो. का?"

"बोडिल उचलत नाहीये."

पलीकडे आक्सेलनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तिचा तो खुबा." दोघांच्याही डोळ्यांपुढे थोराल्डचं न्हाणीघर आलं, ते त्यानं बोलून दाखवायची गरज नव्हती.

कॉनीला लावला तर तीही उचलेना. बोटीवरून माल उतरवायची वेळ, ती धक्क्यावर. म्हणून मग मी काय केलं? फ्रिजवरच्या कागदावरची जाड अक्षरं वाचली आणि कोट चढवला. फोन चार्जरला तसाच राहिला. आम्हा चौघांचेही मोबाइल पूर्वीच्या टेलिफोनसारखे स्वयंपाकघरात बांधलेले असतात, बाहेर न्यायचे असतात हे डोक्यात येतच नाही.

बोडिलचं दार उघडं. मी न्हाणीघरात आधी पाहिलं, मग पलंगाच्या पलीकडे, मग जिन्याखाली. हाका मारून घसा बसला. कॉफी कपात तशीच, आणि फोन टेबलावर. मागच्या शेडमध्ये गेले तर सायकल नाही. मी तिथंच एका उलट्या बादलीवर बसले आणि मोठ्यानं शिवी दिली. खुबा बदललेली बाई, पाण्याचा बर्फ झालेला रस्ता, आणि समुद्राकडून असा वारा की उभं राहवत नाही.

तेवढ्यात आक्सेल त्याचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. तोही नियम मोडून, फोन घरी ठेवून. "ती विलीकडे गेली असणार," मी म्हटलं. "त्यानं तिला फोन केला नसेल. आपण समजतोय ती मेली, ती समजतेय तो मेला." "आणि विली काय समजतोय?" आक्सेल म्हणाला. ते मला माहीत नव्हतं. मी मागच्या ट्रॉलीत चढले, जिथं तो एरवी लाकडं भरतो. दोन किलोमीटर मी त्या ट्रॉलीत हाडं मोजत गेले आणि वाटेत दर वळणाला गटाराकडे बघत राहिले, कुठं चाक वर करून पडली तर नसेल.

सायकल विलीच्या फाटकाशी आडवी पडली होती. आतून बोडिलचा आवाज येत होता. तो ऐकून मला फार बरं वाटलं. मग मला संताप आला.

विली टेबलाशी बसला होता. अंगात स्वेटर, केस विंचरलेले, समोर फोन. बोडिल कोटासकट उभी, गुडघा फुटलेला, पँट फाटलेली.

"वाजत होता ना?" ती ओरडत होती. "मी चार वेळा लावला!"

"वाजत होता."

"मग उचलला का नाहीस? मी दोनदा पडले! कळतंय का तुला? मला वाटलं तू गेलास!"

विलीनं आमच्याकडे पाहिलं, खुर्च्या दाखवल्या, आणि हळू म्हणाला, "आक्सेलशी बोललो. मग तुला लावायचा होता. नंबर काढला. आणि म्हटलं, थोडं थांबू."

"कशासाठी?"

"तुझा फोन झाला की संपतं ना, बोडिल. आठ वाजून दहा मिनिटांनी माझा दिवस संपतो. मग दुसऱ्या दिवशी आक्सेलचा येईपर्यंत कुणी नाही." तो टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होता. "आज म्हटलं, लावलाच नाही तर तेवढं शिल्लक राहील. वाजायला लागला तेव्हाही म्हटलं, वाजू दे. कुणीतरी आपल्याला बोलवतंय असं वाटत होतं."

आक्सेल टोपी काढून उगाच तिच्या आत बघत बसला. माझी तर मान वर होईना. मंगळवारचं हसू मला आठवत होतं.

बोडिलनं खुर्ची ओढली. बसली. मी शपथेवर सांगते, ती बसली. "काल तू फ्रीझरचं काय सांगत होतास?"

"सांगत नव्हतो. विचारत होतो. रूटच्या हातच्या माशाच्या टिक्क्या सापडल्या. एक पिशवी, तळाला. वर तिच्या अक्षरात तारीख. म्हटलं, विचारावं कुणाला तरी, खाव्यात की ठेवाव्यात."

"मग?"

"काल संध्याकाळी खाल्ल्या. सहा होत्या." त्यानं कण बशीत टाकले. "छान झाल्या होत्या. कुणाला सांगितलंच नव्हतं अजून."

बोडिलच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मी पहिल्यांदाच पाहिलं. ती काही बोलणार इतक्यात बाहेर गाडी करकचून थांबली आणि कॉनी दार ढकलून आत शिरली. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात फोन, चेहरा पांढराफटक.

"चौघंही इथं!" ती किंचाळली. "चौघंही! मी तुमच्या तीन घरांत जाऊन आले! युट्टेचा मिस्ड कॉल बघून लावला तर कुणीच उचलेना, घरं उघडी, आत माणूस नाही! मला वाटलं बेटावर विषारी वायू सुटला! कोणी लिहिलाय तो फ्रिजवरचा नियम? कोणी?"

आम्ही तिघांनी बोडिलकडे बोट दाखवलं. बोडिलनं स्वतःकडेच दाखवलं.

"हसू नका," कॉनी म्हणाली. "बोडिल, मी तुझ्या सुसानला फोन केला. म्हटलं तुझी आई सापडत नाही. ती लाइनवर आहे, गाडीतून तशीच. घे, बोल आधी."

फोनचा स्पीकर चालूच होता. सुसानचं रडणं सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"आई? आई, तू आहेस का?"

"आहे. मी ठीक. विलीकडे आहे. बरं, ठे—" बोडिल तिथंच अडली. तिनं विलीकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ आणला, जरा जास्तच जवळ. "सुसान, तू कशी आहेस?"

पलीकडे गाडी बाजूला थांबल्याचा आवाज. मग नाक ओढल्याचा आवाज. "कशी म्हणजे?"

"म्हणजे कशी आहेस. तुझा येन्स कसा आहे?"

"आई," सुसान म्हणाली, "येन्स ऑक्टोबरपासून इथं राहत नाही. मी एकटी आहे."

बाहेर सायकलचं एक चाक वाऱ्यानं फिरत होतं, त्याची किरकिर तेवढी येत होती. बोडिल ओठांतल्या ओठांत महिने मोजत होती. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. इतके रविवार.

"मग मला सांगितलं का नाहीस?" आवाज तिचा नव्हताच, कुणा लहान मुलीचा असावा तसा.

"दर वेळी सांगायला घेते," सुसान म्हणाली. "तू ठेवतेस गं, आई."

कॉनीनं पुढे होऊन स्पीकर बंद केला आणि आम्हाला डोळ्यानं खूण केली. विलीनं खुंटीवरचा कोट घेतला, आम्ही चौघं अंगणात आलो आणि त्यानं दार अलगद ओढून घेतलं. पाऊण तास आम्ही त्या वाऱ्यात उभे होतो. खिडकीतून तिची पाठ दिसत होती, कोट घातलेली, टेबलावर वाकलेली, आणि ती ऐकत होती.