दहा वाजताचं पाणी

वरठीच्या पुढे आमचा सर्किट बोर्डांचा कारखाना आहे. तिथलं सांडपाणी तपासणं हे माझं काम, आणि त्याचा मला भारी तोरा होता. बोर्ड धुतलेलं पाणी शुद्ध करून आम्ही नाल्यात सोडतो, नाला गावच्या तलावाला मिळतो आणि त्या तलावावर ढिवरांची, म्हणजे मच्छीमारांची, घरं चालतात. मी रोज चहा घेऊन दहाला नमुना घ्यायचो. अहवाल कायम चोख.

मागच्या पावसाळ्यात, तलावात मत्स्यबीज सोडायच्या आधी, मच्छीमार संस्थेचे म्हातारे काका कारखान्यात आले. मासे पहाटे तोंड वासून वर येतात म्हणाले. मी ऐटीत अहवाल पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही. मॅनेजर मॅडमना म्हणाले, "हे साहेब दहाले पानी पायतेत. मासोळ्या त पाचले वर येऊन राहिल्या. काहून?"

दुसरा कोणी असता तर त्याने काकांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. मॅडम दुसऱ्या दिवशी पाचला नाल्यावर हजर, आणि मलाही झोपेतून उठवून आणलेलं. रात्रपाळीची माणसं घरी जायच्या घाईत टाक्या धुवत होती, आणि ते पाणी नीट शुद्ध न होताच बाहेर पडत होतं. दहा वाजेपर्यंत सगळं वाहून जायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी तिथूनच बोर्ड बनवायची लाइन बंद करायला सांगितली. माल न्यायला ट्रक उभा, वरून फोनवर फोन. त्या सगळ्यांना एकच सांगत होत्या, "माल उशिरा पोचेल. चूक आमची आहे." इतका सरळ साहेब मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. मग पाणी साठवायला मोठी टाकी बसवली, आणि मी पहाटे काकांसमोर नमुना घेऊ लागलो.

पंधरवड्याने लाइन सुरू झाली. दोनच दिवसांनी काका पुन्हा कारखान्यात आले. "बाई, बिजाची गाडी बलावू का? औंदा बी मेलं, त सालभर खायचं काय?"

"पाणी हे तपासतात. यांनाच विचारा," मॅडम म्हणाल्या.

अहवालातला प्रत्येक आकडा मर्यादेत होता. पण त्याच पहाटे, नमुना घेऊन काका गेल्यावर, मी तलावाच्या काठावरून दोन-चार मासे वर आलेले पाहिले होते.

"अजून आठ दिवस थांबा, काका. आज पहाटेही मासे वर आले होते," मी म्हणालो.

आता मॅडम माझ्यावर उखडणार, असं वाटलं. त्यांनी फोन उचलला आणि लाइन पुन्हा बंद करायला सांगितली.