बाराला दचकणारी पोर

देऊळघाटच्या शिवारात आम्ही विहिरी खोदायचो. मी पहार धरायचो, पुंजाजी सुरुंग भरायचा. साठ साली, राज्य नवं झालं तेव्हा, त्याला मुलगी झाली, रुख्मिणी. पाळण्यात होती तेव्हापासून तिचे दोन्ही कान वाहत. आई तानुबाई लसणाचं कोमट तेल कानात सोडायची, वर कापूस कोंबायची. दात येताना कान वाहतातच, असं बायका म्हणत. दात आले. कान वाहतच राहिले.

चौथं लागलं तरी पोरगी 'बा' एवढंच म्हणायची.

"कान दाखव बे तिचे कोणाले," मी पुंजाजीला म्हणालो.

"कानाले काय झालं? बार उडाला का दचकते पोट्टी. खोट जिभेत हाय."

"अन् तू डॉक्टर काऊन नाई झाला?"

"तुह्यासारखे पेशंट भेटले असते म्हनून."

सुरुंगवाल्याची परीक्षा ती. बाराला दचकली म्हणजे कान शाबूत. मग जिभेवर उपाय सुरू झाले. रोज सकाळी वेखंड उगाळून चाटवायचं. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मूल बोलतं म्हणून पुंजाजी दिवसभर खडक फोडून संध्याकाळी पेरूच्या बागा धुंडाळायचा. पेरू मिळाला. पोरीनं खाल्ला. बोलली नाही.

शाळेत घालायला नेली तेव्हा मास्तरांनी बुलढाण्याला डॉक्टरकडे धाडलं. मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी तिच्या मागे उभं राहून नाव घेतलं. मग मोठ्यानं घेतलं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"पू साचून पडदे गेलेत," डॉक्टर म्हणाले. "बार ऐकू येतो, बोलणं नाही. ऐकलंच नाही ते बोलणार कुठून? कान वाहायला लागले तेव्हाच आणायला पाहिजे होती."

परतताना पुंजाजी वाटभर तिच्याशी ओरडून बोलत होता.

पुढे तिला जवळ बोलवायचं तर तिच्यासमोर खडा टाकायचा, अशी घरात सवय पडली. लग्न जमलं नाही. तानुबाई वारली. दगडाच्या भुकटीनं पुंजाजीची छाती गेली, त्यानं अंथरूण धरलं. उशाशी ओंजळभर खडे असत.

एका दुपारी मी भेटायला गेलो. रुख्मिणी दारापुढे घराकडे पाठ करून ज्वारी पाखडत होती. मी आत गेलो तर पुंजाजी थंड पडला होता. एक खडा खाटेजवळच पडलेला, दुसरा मुठीत.

मी बाहेर आलो. माझी सावली सुपावर पडली तशी ती वळली. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बा?"

मी आत बोट दाखवलं.